उसन्या पेशी

धन्यकुमार मगदूमनं उभ्या आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. तरी त्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली, तेव्हा नांद्रे गावातल्या माणसांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. गुपचूप खात असणार, दुसरं काय! त्याची बायको त्रिशला सुरुवातीला हे ऐकून भांडायची. पुढं पुढं तिनं भांडण सोडून दिलं. खरं कारण सांगण्यापेक्षा लोकांनी गुटखा म्हटलेलं परवडलं, असं तिला वाटायला लागलं होतं.

खरं कारण एक विषाणू होता. पॅपिलोमा विषाणू, प्रकार सोळा, शरीरसंबंधातून पसरणारा. शाळेतल्या मुलामुलींना त्याची लस देणं त्या वर्षांत नेहमीचं झालं होतं, भिंतीभिंतीवर त्याची चित्रं होती. पण धन्यकुमार पन्नाशीचा. त्याच्या लहानपणी मुलग्यांना ही लस देतात हे कुणी ऐकलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मिरजेला किरणं घेतली, औषधं घेतली, गाठ विरघळली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. धन्यकुमार पुन्हा आपल्या द्राक्षांच्या रोपवाटिकेत जाऊन कलमं बांधायला लागला. पंचक्रोशीतल्या निम्म्या बागा त्याच्या हातच्या कलमांवर उभ्या होत्या. आणि या फाल्गुनात खोकला सुरू झाला. फोटोत दोन्ही फुप्फुसांवर ठिपके दिसले. सात.

मिरजेच्या पेशीकेंद्रात डॉक्टर आफरीन बागवान यांनी दोघांना समोर बसवलं. चाळिशीची बाई, आवाज बारीक, पण बोलणं आडपडदा न ठेवणारं.

"हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो," त्या म्हणाल्या. "शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकून लावतं. माणसाला पत्ताही लागत नाही. शंभरातल्या एखाद्याच्या घशात तो दडून बसतो. वीस वर्षं, तीस वर्षं. पेशीला वाढ थांबवायला सांगणारे दोन पहारेकरी असतात. विषाणू आपली दोन प्रथिनं सोडून त्या पहारेकऱ्यांनाच निकामी करतो. मग पेशी वाढतच सुटते. तुमचं तसं झालंय."

"आता किरणं?" त्रिशलानं विचारलं.

"फुप्फुसभर किरणं देता येत नाहीत. पण दुसरी गोष्ट आहे. ज्या माणसाच्या शरीरानं हा विषाणू हरवलाय, त्याच्या रक्तात त्या लढाईची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी असतात. स्मृतिपेशी म्हणतो आम्ही. त्या काढायच्या, यंत्रात तीन आठवडे वाढवायच्या आणि तुमच्या अंगात सोडायच्या. त्या विषाणूचं प्रथिन ओळखतात, गाठ फोडतात."

किरणांनी धन्यकुमारचा आवाज चरचरीत झाला होता. "खुंटावर दुसऱ्याची काडी बांधायची," तो म्हणाला. "पण जात जुळायला पाहिजे."

"बरोबर. तेच अवघड आहे." डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "दाता आणि रोगी यांच्या पेशींवरच्या खुणा काही अंशी तरी जुळाव्या लागतात. जगभरच्या पेशीपेढ्यांत तुमच्या खुणांचं कुणी नाही. आपल्याकडच्या लोकांचे नमुने त्यांनी गोळाच केले नाहीत फारसे. दुसरं म्हणजे, तुमच्या विषाणूत एक बदल आहे. पेढीतल्या पेशी नेमका तोच भाग ओळखतात, जो तुमच्या विषाणूत बदललाय."

"आमची मुलगी आहे, मैत्री," त्रिशला म्हणाली. "बंगळूरला असते. ती उद्या येईल."

"तिनं शाळेत लस घेतलीय ना? त्या लशीनं शरीर विषाणूचा फक्त अंगरखा ओळखायला शिकतं. आपल्याला त्याच्या पोटातलं प्रथिन ओळखणाऱ्या पेशी हव्यात. आणि त्या फक्त त्यालाच असतात ज्याला हा विषाणू झाला होता. हाच. याच बदलाचा." डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "म्हणजे ज्याच्याकडून तो तुम्हाला आला, किंवा तुमच्याकडून ज्याला गेला."

त्रिशलानं तिथंच बाही वर केली. तिचं रक्त घेतलं, विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे त्यात मिसळले. स्मृतिपेशी असत्या तर त्या चेतवल्या गेल्या असत्या, यंत्रात उजळल्या असत्या. तिसऱ्या दिवशी निकाल आला. एकही उजळली नव्हती.

"कधी कधी शरीर आठवण ठेवतच नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग धन्यकुमारकडे बघून त्यांनी विचारलं, "आणखी कुणी?"

"नाही," धन्यकुमार म्हणाला.

तो खोटं बोलतोय हे त्रिशलाला त्याच क्षणी कळलं. बावीस वर्षांच्या संसारात तिला त्याचं खोटं बोलणं फारसं बघायला मिळालं नव्हतं, म्हणूनच ते लगेच उठून दिसलं.

घरी आल्यावर तो रोपवाटिकेत जाऊन बसला. ती मागोमाग गेली. जाळीखाली काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं उभी होती.

"अहो, मला राग यायचा नाही," ती म्हणाली. "नाव सांगा."

"तुझ्या आधीचं आहे ते."

"असू दे ना. नाव?"

त्यानं एका पिशवीतलं गवत उपटलं. "तिचा संसार आहे, त्रिशला. मी नाव घेतलं तर तिचं घर बसेल. मला पन्नास वर्षं मिळाली, पुरे झाली."

"आणि मला?"

"या वाटेला जायचं नाही," तो एवढंच म्हणाला आणि उठून नळ सोडायला गेला.

त्रिशला दोन दिवस विचार करत राहिली. संसार असलेली. म्हणजे ओळखीतली. नाव घेतल्यावर घर बसेल, म्हणजे नात्यातली. मग तिच्या ध्यानात आलं. निपाणीला त्याच्या मामाची मुलगी दिली होती, पद्मजा. लग्नकार्याला, बारशाला, मयताला त्रिशला निपाणीला कितीतरी वेळा गेली होती. धन्यकुमार तिला गाडीनं सोडायचा, आणि प्रत्येक वेळी काही ना काही काम काढून बाहेरच्या बाहेर निघून जायचा. बावीस वर्षांत तो त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेलेला तिनं पाहिला नव्हता.

मंगळवारी त्याला मैत्रीच्या हवाली करून ती एसटीनं निपाणीला गेली.

पद्मजाचा नवरा जिनेंद्र चौगुले वखारीत होता. पूर्वी त्या वखारीत तंबाखू भरलेला असे, आता जनावरांचं खाद्य असतं. पद्मजा गच्चीवर होती. चादरींवर शेवया वाळत घातल्या होत्या आणि ती काठी घेऊन कावळे हाकत बसली होती.

"वहिनी, तू? एकटीच?" ती उठली. "कुमार कसा आहे?"

आल्या आल्या सांगून टाकायचं असं त्रिशलानं गाडीतच ठरवलं होतं. तिनं फुप्फुसांवरचे ठिपके सांगितले, पेशींचं सांगितलं, कुणाच्या पेशी लागतात तेही सांगितलं. मग म्हणाली, "अक्का, मी भांडायला आले नाही. मला तुमचं रक्त पाहिजे."

पद्मजा पुन्हा खाली बसली. काठीनं तिनं शेवयांची एक कड सरळ केली.

"त्यानं सांगितलं?"

"नाही. नाव घ्यायलाच तयार नाहीत. मी ओळखलं."

"सात महिने," पद्मजा म्हणाली. "आम्हाला त्यात वाईट काही वाटत नव्हतं. लहानपणापासून ठरलेलंच होतं ना. मामाची पोर, घरातल्या घरात. मग माझ्या थोरल्या बहिणीचं दुसरंही मूल मुकं-बहिरं निघालं. तिलाही आतेभावालाच दिली होती. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, रक्त फार जवळचं आहे, आता आपसांत देऊ नका. बाबांनी एका दिवसात मोडलं सगळं." ती हसली, पण तोंडभर नाही. "रक्त जवळचं म्हणून मला त्याला दिली नाही. आता तेच जवळचं रक्त लागतंय म्हण की."

त्रिशलानं शेवयांवर उतरलेला कावळा हाकला.

"मला एक सांग," पद्मजानं विचारलं. "हे माझ्याकडून गेलं का त्याला?"

"डॉक्टर म्हणतात, कुणाकडून कुणाला ते रक्तावरून कळत नाही."

"पण मला कळतं. त्याच्या आधी माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं." हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच उमगलं असावं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. म्हणजे धन्यकुमारनं तो आणखी कुठून तरी आणला होता. त्या कुठूनतरीबद्दल दोघींपैकी कुणालाच काही माहीत नव्हतं.

पद्मजा उठून खाली गेली. ती परत येणार नाही असं त्रिशलाला वाटलं. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन वर आली.

"कधी यायचं?" तिनं विचारलं. "ह्यांना सांगेन, बहिणीला दवाखान्यात न्यायचंय म्हणून."

चार दिवसांनी ती मिरजेला आली. तपासणीत तिच्या पेशी यंत्रात अशा उजळल्या की डॉक्टर बागवान खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. खुणाही निम्म्याहून अधिक जुळत होत्या. पद्मजाच्या शरीरानं पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तो विषाणू हरवला होता आणि त्याची ओळख अजून जपून ठेवली होती.

पुढच्या खेपेला संमतीचे कागद निघाले. डॉक्टरांनी एकेक कलम मोठ्यानं वाचलं. सुया टोचतील, ओठांना मुंग्या येतील, थकवा राहील. "आणि दात्याच्या तब्येतीवर आम्हाला पंधरा वर्षं लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे तुमच्या कुटुंबाच्या आरोग्यखात्यात याची नोंद होते. पेशी कुणाला दिल्या ते त्यात येत नाही."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कुणी तरी डॉक्टरांना हाक मारली आणि त्या दोन मिनिटांसाठी बाहेर गेल्या.

पद्मजा त्रिशलाकडे वाकली. "आरोग्यखातं तर ह्यांच्या फोनवर आहे. म्हणजे ह्यांना दिसणार?"

त्रिशलानं आदल्या दिवशी केंद्रात मिळालेली माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. नोंदीत काय लिहिलं जातं ते अकराव्या पानावर होतं. 'विषाणू-स्मृतिपेशी दाता, प्रकार सोळा.' शाळेत जाणाऱ्या पोरालाही प्रकार सोळा कशानं होतो हे ठाऊक होतं. डॉक्टर परत आल्या की पद्मजाला हे नीट विचारता येईल, हेही त्रिशलाला कळत होतं. डॉक्टरांची पावलं दाराबाहेर वाजली.

"रक्तदानाची नोंद येते ना, तसलीच," ती म्हणाली. "कोण उघडून बघतंय?"

डॉक्टर आत आल्या. "काही शंका?"

पद्मजानं एकदा त्रिशलाच्या तोंडाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली, आणि सही केली.

चार तास ती त्या खाटेवर पडून होती. एका हातातून रक्त निघत होतं, यंत्रात गरगरत होतं, पेशी वेगळ्या होत होत्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत जात होतं. ओठांना मुंग्या आल्या तेव्हा नर्सनं तिला दूध प्यायला दिलं. त्रिशला तिचे पाय चेपत बसली होती.

"एकदा बघू दे मला त्याला," पद्मजा म्हणाली. "नुसतं लांबून."

खोकला वाढल्यामुळे धन्यकुमारला तोवर तिथंच दाखल केलं होतं, आणि त्याच्या खोलीला बाहेरून काच होती. नातेवाईक तिथं उभे राहून बघत. पण तिला पाहिलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं, आणि त्यानं पेशी घ्यायला नकार दिला असता.

"सोडत नाहीत हो कुणाला," त्रिशला म्हणाली.

पेशी तीन आठवड्यांनी तयार झाल्या. धन्यकुमारला तिनं सांगितलं की परदेशातल्या पेढीत एक नवा नमुना सापडला. तो तिच्याकडे बघत राहिला, पण त्यानं काही विचारलं नाही. तांदळाच्या धुवणासारखं दिसणारं ते पातळ पाणी एका छोट्या पिशवीत होतं. पंधरा मिनिटांत ते त्याच्या अंगात गेलं.

"एवढंच?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. एकशे चार. अंग थरथरत होतं, श्वास लागत होता, तो भलतंसलतं बोलत होता. डॉक्टर बागवान मात्र घाबरल्या नाहीत. "पेशींना ओळख पटली," त्या म्हणाल्या. "आत लढाई जुंपलीय."

सहाव्या आठवड्यात फोटो काढला. सात ठिपक्यांतले चार दिसेनासे झाले होते आणि उरलेले तीन मुगाएवढे झाले होते. त्या तापापासून नळीनं जेवणारा धन्यकुमार मुगाची खिचडी चमच्यानं खायला लागला. एके सकाळी तो रोपवाटिकेत गेला, खाली बसला आणि त्यानं स्वतःच्या हातानं चाळीस कलमं बांधली. त्रिशला दारात उभी राहून मोजत होती. इतकं सुख तिला लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिला जिनेंद्रचा फोन आला. हा माणूस कधी चढ्या आवाजात बोललेला कुणी ऐकला नव्हता. आजही तो हळूच बोलत होता.

"वहिनी, आमच्या खात्यात एक नोंद आलीय. मिरजेची. प्रकार सोळा म्हणजे काय ते मी वाचलं."

धन्यकुमारला ऐकू जाऊ नये म्हणून त्रिशलानं दार लोटलं.

"मिरजेत तुमचंच माणूस आहे. मी पद्मजाला विचारलं. तिनं लपवलं नाही, सगळं सांगितलं."

"मग मला कशाला विचारता, भाऊजी?"

"मला वाटलं, तुम्ही तरी म्हणाल की हे खोटं आहे," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाला असता तर मी तेच धरून चाललो असतो."

त्रिशलाला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि खोटं बोलायची तिला आता सवयही झाली होती. पण पद्मजानं स्वतः कबूल केलेलं आपण कसं नाकारायचं, नाकारलं तर पुढं काय काय विचारतील, ते धन्यकुमारच्या कानावर गेलं तर काय, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम गर्दी करून आलं. ती गप्प राहिली. जिनेंद्र थोडा वेळ थांबला आणि त्यानं फोन ठेवला.

पद्मजा कागलला थोरल्या बहिणीकडे राहायला गेली, हे आठ दिवसांनी नात्यातल्या कुणाकडून तरी कळलं. तिच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलगी आईशी बोलत नव्हती. कागल काही लांब नव्हतं, दीड-दोन तासांचा रस्ता. उद्या जाऊ, असं त्रिशला रोज म्हणायची. पण धन्यकुमारच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि या दिवसांत कशालाही हात लावला तर सगळं कोसळेल अशी धास्ती तिला बसली होती. ती गेली नाही.

चौथ्या महिन्यात त्याला पुन्हा खोकला लागला.

"पेशी मेल्या का?" त्रिशलानं डॉक्टरांना विचारलं.

"नाही. पेशी आहेत, भरपूर आहेत." डॉक्टर बागवान त्या दिवशी नेहमीपेक्षा सावकाश बोलत होत्या. "प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचा नमुना बाहेर एका खुणेवर मांडून दाखवत असते. टी-पेशी तो नमुना बघूनच ओळखते. गाठीतल्या काही पेशींनी ती खूणच काढून टाकली. आधी त्या मूठभर असतील. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि आता त्यांचीच वाढ झालीय. विषाणू आत आहे, प्रथिनही आहे, पण बाहेरून काहीच दिसत नाही. कितीही पेशी सोडल्या तरी त्या समोरून निघून जातील."

"दुसऱ्या कुणाच्या पेशी?"

"कुणाच्याही असल्या तरी तेच."

धन्यकुमारला शेवटी घरीच ठेवलं. मैत्री रजा काढून आली होती. श्वास पुरत नव्हता म्हणून तो बसूनच असायचा, पाठीला तीन उश्या. एका दुपारी मैत्री औषध आणायला गेली असताना त्यानं त्रिशलाचा हात धरला.

"पद्मजा बरी आहे ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला मैत्रीच्या हवाली करून त्या मंगळवारी तू एकटी कुठं गेलीस, ते मला कळलं नसेल होय?" तो म्हणाला. एकेक शब्द सुटा. "मला माहीत होतं. मी घेतल्या. जगावंसं वाटलं मला." बराच वेळ तो श्वास गोळा करत राहिला. "तिला काही त्रास नाही ना झाला?"

"नाही हो. मजेत आहेत. मुलीच्या लग्नाची गडबड चाललीय."

त्यानं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं, आणि ते बघणं त्रिशलाला त्याच्या मरणापेक्षा जड गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

महिन्यानं डॉक्टर बागवान यांचा फोन आला. पद्मजाच्या पेशींच्या अकरा कुप्या अजून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. इचलकरंजीत एक बाई होती, यंत्रमागावर काम करणारी, अडतीस वर्षांची. तिच्या टॉन्सिलमध्ये गाठ होती. तोच विषाणू, तोच बदल, खुणाही जुळत होत्या. "प्रत्येक गाठ ती युक्ती करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्या बाबतीत यश येण्याची बरीच शक्यता आहे. पण दात्याची नवी संमती लागते आणि त्या माझा फोन घेत नाहीत. तुम्ही बोलाल का?"

त्रिशला कागलला गेली.

बहिणीच्या घरी मागच्या पडवीत पद्मजाला जागा दिली होती. एक खाट, एक पत्र्याची पेटी, दोरीवर दोन पातळं. ती पाच-सहा महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्रिशला खाटेच्या कडेला बसली.

"कुमारचं कळलं मला," पद्मजा म्हणाली. "मातीला यायला कुणी बोलावलं नाही."

"अक्का, माझं चुकलं."

"मुलीचं लग्न मोडलं. हे रोज जेवतात की नाही कोण जाणे. मला फोन नाही, निरोप नाही. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त लागतं." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "तुला माहीत होतं ना नोंदीचं?"

त्रिशलानं मान हलवली. आता खोटं बोलून कुणाचंच काही वाचणार नव्हतं. "आदल्या दिवशी वाचलं होतं."

"तू मला खरं सांगितलं असतंस तरी मी दिल्या असत्या," पद्मजा म्हणाली. "दोन दिवस मागितले असते फक्त. आधी ह्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं असतं. यंत्रावरून कळण्याआधी माझ्या तोंडून कळलं असतं त्यांना. तेवढाही अवकाश तू मला ठेवला नाहीस."

मग त्रिशलानं इचलकरंजीच्या बाईचं सांगितलं. तिला दोन लहान मुली आहेत, तेही सांगितलं. सांगताना तिनं हात जोडले.

पद्मजानं सगळं ऐकून घेतलं. "नवी संमती दिली की पुन्हा खात्यात नोंद होणार?"

"होणार," त्रिशला म्हणाली.

"पुन्हा ह्यांच्या फोनवर जाणार. पुन्हा त्यांना कुणी तरी विचारणार, तुमच्या बायकोनं आता कुणाला दिल्या." ती उठली, त्रिशलानं मिरजेहून आणून पेटीवर ठेवलेला कागद पुढं ओढला. दोन चौकटी होत्या, एक देण्याची, एक नष्ट करण्याची. तिनं दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि सही केली.

"अक्का, ती बाई मरेल."

"मी कोण तिची? तिच्यासाठी कुणी तरी आपलं घर मोडायला तयार असेल तर देईल. मी एकदा मोडलंय." तिनं कागद त्रिशलाच्या हातात ठेवला. "आता जा, वहिनी. बहिणीची मुलं कामावरून घरी यायची वेळ झाली. त्यांना ऐकू येत नाही, पण माणसांचे चेहरे लगेच वाचता येतात."

दुसऱ्या दिवशी त्रिशलानं तो कागद मिरजेला नेऊन दिला. डॉक्टर बागवान यांनी तो दोनदा वाचला. वाद घातला नाही. टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा पांढरी वाफ बाहेर पडून फरशीवर पसरली. अकरा कुप्या एका तांबड्या डब्यात टाकून त्यावर औषध ओतलं गेलं. साक्षीदार म्हणून त्रिशलाची सही घेतली.

मग डॉक्टरांनी इचलकरंजीला फोन लावला. मागे मागांचा खडखडाट ऐकू येत होता, बाई कामावरच होती.

"नाही मिळाल्या," डॉक्टर म्हणाल्या. "दात्याची इच्छा नाही."

मागांचा आवाज तसाच येत राहिला. त्रिशलाला वाटलं, बाईला ऐकू गेलं नसावं.

"बरं," पलीकडून शेवटी आवाज आला. "मग आता कुणाला विचारू?"

डॉक्टरांनी त्रिशलाकडे पाहिलं. त्रिशलानं खाली बघितलं. बाई उत्तराची वाट बघत फोन धरून थांबली होती.